सागवानाच्या गावातला घरजावई

राजुऱ्यात नवे दुकान उघडले की पहिल्या दिवशी आलेले गिऱ्हाईक मालाकडे नंतर बघते, आधी काउंटर वाजवते. मधल्या बोटाचे पेर वाकवायचे, टकटक करायची आणि कान द्यायचा. डॉक्टर पोट तपासतात तसे. ही विद्या कुणी शिकवत नाही, जंगलाच्या कडेला जन्मलेल्या माणसाला ती आपोआप येते. सागवान कसे बोलते, ऐन कसा बोलतो, आणि वरून लाकूड पण आतून पोकळ असलेले दार ढोलकीसारखी कशी बडबड करते, हे त्याला डोळे मिटून कळते.

अलीकडे मात्र या कानाची पंचाईत झाली आहे. काउंटर वाजवला की आवाज येतो भरीव, जड आणि पूर्ण अनोळखी. सागाचा नाही, आंब्याचा नाही, प्लायचाही नाही. मग संवाद होतो तो असा:

"हे काय होय जी? सागवान?"

"नाही जी. एचडीएफ होय."

"म्हंजे लाकूडच ना?"

"लाकूडच होय. मधात लगदा होऊन आलं."

दुकानदाराच्या या उत्तरात अख्खा कारखाना आला. झाड तोडायचे, त्याचे तुकडे करायचे, तुकडे वाफेत शिजवून त्यांचे तंतू सोडवायचे, आणि मग हे तंतू डिंक घालून तापवत असे दाबायचे की पुन्हा फळी व्हावी. म्हणजे देवाने उभे केलेले लाकूड आधी मोडायचे आणि मग स्वतः आडवे करून दाखवायचे. एवढ्या उपद्व्यापाला हाय डेन्सिटी फायबरबोर्ड असे भारदस्त नाव आहे.

ही फळी दुसऱ्या एखाद्या गावात आली असती तर कुणाला काही वाटले नसते. राजुऱ्यात वाटते, कारण गावच लाकडाच्या नकाशावर भलत्या जागी बसलेले आहे. वर्धा नदी ओलांडली की बल्लारपूर: तिथे सागवानाचा मोठा डेपो, आणि तिथेच १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीची पेपर मिल. खाली दक्षिणेला रेल्वेच्या त्याच मार्गावर सिरपूर-कागजनगर, ज्याचे नावच कागदावरून पडले. राजुरा आणि कागजनगर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या एकाच आदिलाबाद जिल्ह्यात नांदत होते. मग राज्यांची फेरमांडणी झाली, राजुरा आधी नांदेड जिल्ह्यात गेले आणि १९५९ मध्ये तिथून उचलून चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडले गेले. या तालुक्यातून तेलंगणात जाताना सीमेवर जे गाव लागते त्याचे नाव लक्कडकोट. थोडक्यात, एका बाजूला लगदा, दुसऱ्या बाजूला लगदा, सीमेवर लाकडाचा कोट, आणि मधल्या बाजारपेठेत लगद्याचे लाकूड.

त्यात सागवानाचा मान मोठा. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान निघाले, तेव्हा त्याची पूजा झाली, बल्लारपूर-चंद्रपुरात मिरवणूक निघाली, वाजंत्री, फुले, सगळा थाट. गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीजवळ जुन्या उंच सागांचा एक तुकडा 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या नावाने राखून ठेवला आहे. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. ज्या मुलखात झाडालाही दर्जा मिळतो आणि ओंडक्यालाही वरात मिळते, तिथे एचडीएफ येते टेम्पोतून, ताडपत्रीखाली, वर दोन सनमायकाच्या गुंडाळ्या आणि फेविकॉलचे डबे घेऊन. स्वागताला कुणी नाही. उतरवणारे हमाल फक्त एकच शब्द बोलतात, आणि तो लिहिता येण्यासारखा नाही.

त्याचे कारण वजन. लगदा म्हटले की माणसाच्या डोळ्यापुढे काहीतरी लेचेपेचे येते. प्रत्यक्षात सागवानाचे एक घनमीटर साधारण साडेसहाशे किलो भरते, आणि एचडीएफ सुरूच होते आठशेच्या पुढे. आठ बाय चार फुटांची अठरा मिलिमीटर जाडीची एक शीट काट्यावर टाकली तर पंचेचाळीस किलोच्या आसपास भरते. लाकडात हवा असते. तंतूंच्या नळ्यांत, छिद्रांत झाडाने ती जपून ठेवलेली असते. कारखान्यातल्या प्रेसने ती दाबून बाहेर काढली, उरले ते निव्वळ वजन. नकली माल अस्सलापेक्षा जड भरतो, हे सोनाराच्या दुकानात कधी होत नाही.

खरे तर हा पाहुणा नवा नाही. राजुऱ्यातल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाची आणि त्याची पहिली भेट दहावीच्या आधी, स्टेशनरीच्या दुकानात झालेली असते. परीक्षेचे पॅड! तपकिरी फळी, वर पत्र्याचा चाप, एक बाजू गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला बारीक जाळीचा ठसा. त्या जाळीवर नखाने खरखर आवाज करून पर्यवेक्षकांचा अंत पाहिलेल्या पिढ्या आज नातवंडे खेळवत आहेत. ती हार्डबोर्ड म्हणजे एचडीएफची थोरली बहीण. आणि ती जाळी म्हणजे शोभेची नक्षी नव्हे. जुन्या पद्धतीत तंतूंचा ओला लगदा तारेच्या जाळीवर ठेवून दाबत. पाणी आणि वाफ त्या जाळीतून निघून जाई आणि जाताना ठसा ठेवून जाई. देवाच्या तसबिरीची पाठ त्याच हार्डबोर्डची, जुन्या रेडिओची भोकाभोकांची पाठही बहुतेक त्याचीच. म्हणजे ही मंडळी घरात पिढ्यान् पिढ्या होती, फक्त पाठीमागे होती. समोर यायची परवानगी आत्ता मिळाली.

या थोरल्या बहिणीच्या जन्माची कथा मोठी गोड आहे. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावी विल्यम मेसन नावाचे एक गृहस्थ होते. एकेकाळी एडिसनबरोबर काम केलेले. आरा मशीनच्या आवारात वाया जाणाऱ्या लाकडाचे ढीग पाहून त्यांचा जीव तुटे. त्यांनी लाकडाचे तुकडे बंद नळकांड्यात प्रचंड दाबाच्या वाफेत ठेवले आणि दाब एकदम सोडला. भट्टीत मुरमुरे फुटावेत तसे लाकूड फुटून त्याचे तंतू झाले. या तंतूंचा एखादा मऊ, उष्णता अडवणारा तक्ता करावा असा त्यांचा बेत. १९२४ साली एक दिवस तंतूंचा थर प्रेसमध्ये ठेवून मेसनसाहेब जेवायला गेले. वाफेची झडप गळकी होती. ताप आणि दाब चालूच राहिला. जेवून परत येऊन बघतात तर मऊ तक्ता नाहीच. आत तयार झाली होती एक पातळ, टणक, चकचकीत फळी. डिंकाचा थेंब नाही. लाकडातल्याच लिग्निनने तंतू एकमेकांना धरले होते. तीच पुढे मेसोनाइट म्हणून जगभर गेली. आपल्याकडे मिस्त्री जेवायला गेला की संध्याकाळ होते, हा देशादेशांतला फरक.

आजचे एचडीएफ मात्र कोरड्या पद्धतीचे. तंतू गरम हवेत वाळवतात, त्यांत युरिया फॉर्मल्डिहाइडसारखा डिंक आणि थोडे मेण मिसळतात, गादी पसरतात आणि तापलेल्या प्रेसमध्ये चेपतात. कच्चा माल बहुधा निलगिरी, पॉपलर, सुबाभूळ असा झटपट वाढणारा. गावात याला सरसकट 'भुशाची फळी' म्हणतात, आणि ते अन्यायाचे आहे. भुसा आणि चुरा जातो पार्टिकल बोर्डात. एचडीएफमध्ये लाकडाचा धागा असतो, धागा! पण हे दुकानदाराला समजावून सांगायला जावे तर तो म्हणतो, "तेच ते जी, भुसाच बारीक दळला."

आता मुख्य रस्त्याने एक फेरी मारावी. पहिले लागते मोबाइलचे दुकान. त्याच्या भिंतीवर आडव्या खाचा पाडलेले तक्ते, खाचेत हूक, हुकाला शेकडो कव्हरे. इतकी, की भिंत दिसत नाही आणि मोबाइलही दिसत नाहीत. अशा खाचा प्लायवूडमध्ये पाडल्या तर पापुद्रे उघडे पडतात, सागात पाडल्या तर मालक रडतो. तंतूंच्या फळीत मात्र आत-बाहेर सगळीकडे एकच माल. रेषा नाही, गाठ नाही, आडवे-उभे नाही. राउटर लोण्यातून सुरी जावी तसा फिरतो. मोबाइलवाल्याला याच्याशी देणेघेणे नसते. त्याला फक्त माहीत असते की गेल्या दुकानात भिंतीला खिळे ठोकले होते आणि घरमालक बोलला होता.

पुढे डॉक्टरांचा दवाखाना. वेटिंगरूम आणि केबिन यांच्या मध्ये एक पडदी, तिच्यात सीएनसी मशीनने कापलेली जाळी. जाळीत नक्षी कशाची, तर पानाफांद्या पसरलेल्या झाडाची. जंगलातले झाड तोडून, शिजवून, पिंजून, दाबून जी फळी केली त्या फळीत पुन्हा झाडाचे चित्र कापायचे, आणि ते बघत बसलेला रोगी कोण, तर तेंदूपाने गोळा करून करून कंबर धरलेला. पण जाळी सुंदर दिसते हे खोटे कसे म्हणावे? खऱ्या सागात एवढी बारीक फांदी कापली तर ती रेषेत तुटते. इथे रेषाच नाही म्हणून ती तरते.

डॉक्टरांच्या केबिनचे दार, शेजारच्या पतसंस्थेचे दार, त्याच्या वरच्या मजल्यावरच्या शिकवणीचे दार, सगळी भावंडे. पांढरी, आणि त्यांवर चार किंवा सहा उठावदार चौकोन. हे चौकोन कुणा वाढयाने पटाशीने कोरलेले नसतात. जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची एचडीएफची कातडी गरम साच्यात दाबली की चौकोन उठतात, करंजीच्या साच्यात करंजी उठते तसे. मग लाकडी चौकटीच्या दोन्ही अंगांना ती कातडी चिकटवली की दार तयार. भारतीय मानक ब्युरोने तर या दारांसाठी आयएस १५३८० असे स्वतंत्र मानक काढले आहे. एवढे असूनही गिऱ्हाईक ते वाजवतेच, आणि ढोलकी ऐकून शिक्षकांकडे अशा नजरेने बघते की शिकवणीही आतून पोकळ असावी.

सर्वांत जास्त कष्ट करणारी जात मात्र कुठेच दिसत नाही. शोकेसची पाठ, ड्रॉवरचा तळ, आरशामागचा आधार. तीन मिलिमीटरची फळी चुपचाप उभी असते. लग्नातल्या आचाऱ्याचे जसे असते तसे तिचे. त्याच्यावाचून पंगत उठत नाही आणि फोटोत तो कुठे नाही. कपाट कलून तिरके होत नाही ते दाराच्या किमती बिजागरीमुळे नव्हे, या फुकटात जमा धरलेल्या पाठीमुळे.

मग येते कापडाचे मोठे दुकान, जिथे मालकाने 'वुडन फ्लोअरिंग' केले आहे. हा प्रकार मूळ स्वीडनचा; पर्स्टॉर्प नावाच्या कंपनीने १९७७ मध्ये तो शोधला आणि पर्गो या नावाने विकला. आजच्या फळीत खाली एक थर, मध्ये एचडीएफचा गाभा, त्यावर एक कागद, आणि सर्वांत वर झीज सोसणारा पारदर्शक थर. गंमत त्या कागदाची. त्यावर लाकडाचा फोटो छापलेला असतो. रेषा, गाठी, सावल्या, सगळे छापील. छपाईचा रूळ गोल फिरतो, त्यामुळे तीच गाठ काही फळ्यांनंतर पुन्हा येते. साड्यांची खरेदी चालू असताना ज्या नवऱ्यांना काही काम नसते त्यांच्यापैकी एखाद्याला हे सापडते. तो गाठी मोजत बसतो. "ही बघ, इथं आली. ही बघ, तिथं आली." बायको पाचवी साडी उलगडायला लावते.

कागद निवडतानाचा प्रसंग तर जातीने बघावा. ज्याच्या शेताच्या धुऱ्यावर बापाने लावलेले सागाचे डेरेदार झाड उभे आहे तो माणूस कॅटलॉग मांडीवर घेतो, चाळीस पाने उलटतो आणि एकावर बोट ठेवतो. काय असते ते? बर्मा टीक. छापील. घरचे झाड तोडायचे तर तलाठी, वनखाते, परवाना, वाहतूक पास, आरा मशीन अशी प्रदक्षिणा घालावी लागते. ब्रह्मदेशचा साग मात्र कुठलाही पास न काढता गुरुवारी दुकानात येऊन पडतो. त्यामुळे या माणसाला हसू नये. त्याने हिशेब बरोबर केला आहे. हसायचेच तर ज्या फळीला स्वतःचा रंग आहे, अंग आहे, ताकद आहे, तिला सागाचा मुखवटा चढवल्यावाचून बाजारात उभे करता येत नाही, या आपल्या हौसेला हसावे.

नावांचाही एक छंद आहे. आधी एमडीएफ आले, मग एचडीएफ, आता एचडीएचएमआर. अक्षर वाढले की चौरस फुटाचा भाव वाढतो. शेवटचे नाव ऐकून पहिल्यांदा सर्वांना केंद्राची नवी योजना वाटते आणि सातबारा लागेल का, असा प्रश्न येतो. त्यातल्या एचएमआरचा अर्थ ओल सोसणारी. ओल सोसणाऱ्या पुष्कळ फळ्या ओळखू याव्यात म्हणून आतून हिरव्या रंगवतात. गिऱ्हाइकाचा समज असा की हिरवा रंगच पाणी अडवतो. तो बिचारा नुसता रंग. पाणी अडवायचे काम मेलामाइनसारख्या चांगल्या डिंकाचे. आणि सोसणे वेगळे, पोहणे वेगळे. हे वाक्य कॅटलॉगमध्ये बारीक अक्षरांत असते, आणि फरशी पुसणाऱ्या बाईला कॅटलॉग कुणी दाखवलेला नसतो.

इथे घरजावयाचा खरा स्वभाव बाहेर येतो. राजुऱ्याची हवा म्हणजे दोन टोके. उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्याचा पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जातो, लाकूड कडकडून कोरडे होते. पावसाळ्यात वर्धा फुगते, बल्लारपूरकडचा पूल पाण्याखाली जातो आणि हवेत हात फिरवला तर ओला होतो. मे महिन्यात मिस्त्री फ्लोअरिंग बसवतो. भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटरची फट सोडा, असे खोक्यावर चित्रासकट छापलेले असते. मालक ओरडतो, "फट कायले सोडली जी? पैसे पूर्ण घेतले ना?" मिस्त्री फट भरतो. जुलैत फळ्या ओल पितात, अंग धरतात, पसरायला जागा शोधतात. भिंत हलत नाही. मग त्या वर उठतात. दुकानाच्या मधोमध माणिकगडाचा पहाड उभा राहतो आणि मालक दोन पोत्यांनी तो दाबून ठेवतो.

काउंटरचा शेवट याहून शांत असतो. रोज सकाळी ओला पोछा त्याच्या पायावरून फिरतो. पट्टी नीट चिकटलेली असेल तर काही होत नाही. पण एका कोपऱ्यात पट्टी सुटते, कड उघडी पडते, तंतू पाणी पितात. प्रेसने चेपून बसवलेल्या त्या तंतूंना आपला मूळ आकार आठवतो. फळी पापडासारखी फुगते आणि वाळली तरी पुन्हा खाली बसत नाही. सागवान ओले झाले तर रुसते आणि वाळल्यावर बहुतेक वेळा समजूत घालता येते. हे एकदा फुगले की फुगले. यावर साधा उपाय आहे, काउंटरला खाली स्टीलचे किंवा पीव्हीसीचे पाय द्यावेत आणि कडेची पट्टी मशीनने लावून घ्यावी. तो खर्च मालक वाचवतो आणि वर काचेचे झुंबर लावतो.

वाढयांचे या पाहुण्याबद्दलचे मत दोन पिढ्यांत वाटलेले आहे. म्हाताऱ्यांना ते माणसातच वाटत नाही. रंधा मारला तर ढलप्या निघत नाहीत, नुसती पिठी उडते. वास सागाचा येत नाही, डिंकाचा येतो, डोळे चुरचुरतात. खिळा कडेला ठोकला तर फळी पुस्तकासारखी उघडते. पोरे म्हणतात, खिळा ठोकायचाच कायले? आधी बारीक भोक पाडा, मग स्क्रू पिळा. करवतीला कार्बाइडचे दात लावा, तोंडाला दुपट्टा बांधा आणि तीन दिवसांत दुकान उभे करून पैसे घ्या. दोघांचेही खरे. म्हाताऱ्याने केलेला सागाचा संदूक नातीच्या लग्नात गेला. पोराने केलेले दुकान दसऱ्याच्या मुहूर्ताला उघडले, हाच त्याचा गुण.

एका बाबतीत मात्र म्हाताऱ्यांचे ऐकावे. पूर्वी कामाच्या शेवटी उरलेले तुकडे वाढई घरी नेई आणि चुलीत घाली. सागाच्या तुकड्यावर चहा झकास होई. आता पोतीच्या पोती तुकडे उरतात आणि सवयीने तेही चुलीकडे, थंडीत शेकोटीकडे जातात. त्यात डिंक आहे, वर प्लास्टिकसारखा थर आहे; तो धूर छातीत जायच्या लायकीचा नाही. म्हाताऱ्याला रसायनशास्त्र येत नाही, पण त्याने एकदा त्यावर चहा केला, एक घोट घेतला आणि कप उपडा केला.

मग त्या तुकड्यांचे काय होते? बहुतेकांचे काहीच नाही, दुकानामागे पावसात फुगत पडतात. पण फेब्रुवारी आला की एखादे दुकान बंद पडून नवे उघडण्याच्या धांदलीत जुन्या शोकेसच्या पाठी उतरतात, तीन मिलिमीटरच्या, अजून ताठ. त्यातली एक मिस्त्री बाजूला काढतो, मशीनवर एक फुटाने कापतो, कोपरे गोल करतो, पॉलिशपेपरने कडा मारतो आणि बाजारातून आणलेला चाप वर ठोकतो. नाही, पिळतो. घरी पोराची बोर्डाची परीक्षा आहे. पोरगा पॅड उलटे करून बघतो. मागे जाळी नाही, दोन्ही अंगांनी गुळगुळीत. म्हणजे खरखर वाजवायची सोय गेली. तोंड वाकडे करून तो मधल्या बोटाचे पेर वाकवतो आणि पॅड कानाशी नेतो.